तात्पुरती गाडी

“ह्यापेक्षा आमच्या मार्केट यार्डातली भंगार कमांडर जीप बरी की वो, वैनी!” गाडीखालून सरपटत बाहेर येत विश्वास म्हणाला, आणि आमचा रविवार त्या एका वाक्यात गेला.

गाडी आमची नव्हे, शेजारच्या निवृत्त गृहस्थांची. १९७०च्या दशकातली सिरीज थ्री लँड रोव्हर. बरीच वर्षं ती त्यांच्या दारात निम्मी उघडून पडली आहे आणि आता त्यांना ती काढून टाकायची आहे. आम्ही राहतो त्या इंग्लंडमधल्या सोलिहलमध्ये अशी गाडी दिसणं नवलाचं नाही. ती जिथे बनली तो लोड लेनचा कारखाना याच गावात. माझी बायको अनघा इथल्या शाळेत भूगोल शिकवते आणि ही गाडी घ्यायचीच म्हणून हटून बसली आहे. विश्वास माझा धाकटा भाऊ. कोल्हापुरात त्याचं गॅरेज आहे, उन्हाळ्यात आमच्याकडे आला होता. दीर-भावजयीचं एरवी चांगलं जमतं, पण त्या दिवशी दोघांनी एकमेकांना सोडलं नाही. बोलणं मुद्द्याचं झालं म्हणून उतरवून ठेवतो आहे. मी हिशेबाच्या कामातला माणूस. तटस्थ राहायचं ठरवलं होतं, ते फार वेळ निभलं नाही.

विश्वास: वरचा पत्रा बघा, चकाचक. आणि चासीला स्क्रू ड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत. वर अ‍ॅल्युमिनियम, खाली लोखंड. दोन धातू भिडले आणि मध्ये पाणी शिरलं की तिथं पत्र्याची पांढरी भुकटी होणारच. एवढं कळत नव्हतं का करणाऱ्याला?

अनघा: कळत होतं, भाऊजी. पण दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, पोलाद रेशनवर. ज्याची निर्यात जास्त त्याला पोलाद जास्त, असा सरकारी हिशेब. रोव्हर कंपनी बनवायची डॉक्टर-वकिलांनी घ्यायच्या भारी मोटारी. त्या परदेशात कोण घेणार? उलट अ‍ॅल्युमिनियम मिळत होतं, कारण विमानांचे कारखाने थंडावले होते. लोड लेनचा हा कारखानासुद्धा युद्धात विमानांच्या इंजिनांसाठीच उभारलेला. मग कंपनीने बर्माब्राइट नावाचा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू घेतला आणि गाडीचं अंग त्याचं केलं. रंगसुद्धा लष्कराचा उरलेला हिरवा.

विश्वास: म्हणजे घरात जे होतं त्यात भागवलं.

अनघा: तेच म्हणते आहे मी.

गाडीच्या जन्माची गोष्ट कंपनी मोठ्या आवडीने सांगते. मॉरिस विल्क्स हे रोव्हरचे मुख्य अभियंते. त्यांचे भाऊ स्पेन्सर कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक. मॉरिसची वेल्सच्या अँगलसी बेटावर शेती होती आणि तिथे ते युद्धातून उरलेली अमेरिकन विलीज जीप वापरत. जीप खिळखिळी झाली, दुसरी घ्यायची तर पुन्हा जीपच, कारण तशी दुसरी गाडीच बाजारात नव्हती. मग १९४७मध्ये त्याच बेटावरच्या रेड व्हार्फ बेच्या वाळूत मॉरिसनी काठीने नव्या गाडीचा आराखडा काढला, असं सांगतात. वाळूचं मला जरा जास्त नीटनेटकं वाटतं. शेत, जीप आणि हातात पोलाद नसलेली कंपनी, एवढ्यावर गोष्ट पुरी होते.

विश्वास: सरळ सांगा की जीपची नक्कल केली.

अनघा: केली. पहिला नमुना तर जीपच्याच चासीवर बांधला होता. स्टीअरिंग मधोमध.

विश्वास: मधोमध? ट्रॅक्टरसारखं?

अनघा: हो. म्हणजे डाव्या हाताची आणि उजव्या हाताची अशा दोन वेगळ्या गाड्या काढायला नकोत. चालवायला गैरसोयीचं म्हणून ते सोडलं. पण यावरून कळतं त्यांच्या डोक्यात काय होतं. मोटार नव्हतीच डोक्यात. इंजिनाची ताकद बाहेर काढायला मध्ये आणि मागे जोड ठेवले होते. त्यावर पट्टा चढवला की करवत चालवा, मळणी करा. दरवाजांचे वरचे भाग आणि छप्पर हवं असेल तर पैसे जादा. ३० एप्रिल १९४८ला अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात गाडी मांडली. किंमत ४५० पौंड, इंजिन १.६ लिटरचं, ताकद ५० अश्वशक्तीच्या आसपास. एकदा मोटारींचा धंदा मार्गी लागला की ही बंद करायची असा बेत होता. थोड्याच वर्षांत ही गाडीच कंपनीच्या मोटारींपेक्षा जास्त खपायला लागली.

विश्वास आता गाडीच्या पुढच्या बाजूला उकिडवा बसला होता. त्याच्या तोंडून कौतुक निघतं ते फक्त जोडकामाचं.

विश्वास: आणि चासी कशी काढली? एवढ्या लांब चासीला प्रेसचा डाय करायचा म्हणजे लाखोंचं काम.

अनघा: डाय केलाच नाही. सपाट पत्र्याच्या पट्ट्या कापल्या आणि चारी कडांना वेल्डिंग करून पेटी केली.

विश्वास: (जरा थांबून) हे मात्र डोक्याचं काम. आमच्या शिरोली एमआयडीसीत कुणाला सांगितलं असतं तर त्यानं पण असंच केलं असतं. म्हणून तर सगळी गाडी सरळ रेषेत आहे. पत्रा वळवायला जिथं खर्च येणार तिथं वळवलाच नाही.

माझं मत इथे पहिल्यांदा डळमळलं. या गाडीच्या चेहऱ्यावर पुढे लोकांनी किती लिहिलं! प्रामाणिक, रांगडी, खानदानी. खरं म्हणजे डायला पैसे नव्हते, एवढाच त्या चेहऱ्याचा अर्थ. १९५८मध्ये सिरीज टू आली तेव्हा डेव्हिड बाश या कंपनीच्या डिझायनरने बाजूच्या पत्र्याला जरासा फुगवटा दिला. तिच्या रूपात खास सौंदर्यासाठी म्हणून झालेला मोठा फेरफार जवळपास तेवढाच. मला तो फुगवटा आवडतो. अनघाला त्याच्या आधीची सपाट गाडी जास्त आवडते.

विश्वास: बरं, शेतकऱ्यासाठी काढली, पत्रा नव्हता, पैसा नव्हता, सगळं कबूल. पण वैनी, तात्पुरती म्हणून काढलेली गाडी सदुसष्ट वर्षं चालू ठेवली, ह्याला काय म्हणायचं? कोल्हापुरात आम्ही ह्याला आळस म्हणतो.

अनघा: सुधारणा झाल्याच की. डिझेल इंजिन आलं, लांब गाडी आली, सिरीज थ्रीत सगळ्या पुढच्या गिअरना सिंक्रोमेश आला. १९८३ला कॉइल स्प्रिंग आल्या.

विश्वास: कधी म्हणालात? १९८३. आणि ह्याच कंपनीच्या रेंज रोव्हरला कॉइल कधी? १९७०! श्रीमंताच्या गाडीला मऊ स्प्रिंगा आणि शेतकऱ्याच्या गाडीला तेरा वर्षं पाटेच. शेतकऱ्याच्या कंबरेचा विचार कुणी केला का?

यावर अनघाकडे उत्तर होतं, पण ते तिलाही फारसं आवडत नसावं. १९६७मध्ये रोव्हर लेलँडमध्ये गेली, पुढच्या वर्षी त्यातून ब्रिटिश लेलँड नावाचा अवाढव्य उद्योग उभा राहिला आणि १९७५मध्ये तो बुडता बुडता सरकारने ताब्यात घेतला. अशा घरात कमावत्या पोराचं जे होतं तेच लँड रोव्हरचं झालं. पैसा मिळवायची ती आणि खर्च व्हायचा इतरांवर. हिशेबाच्या दृष्टीने पाहिलं तर गाडी न बदलण्यामागे निष्ठा कमी आणि रिकामी तिजोरी जास्त होती.

विश्वास: आणि तोवर जपानी बसले नव्हते. टोयोटानं १९५१ला जीपसारखीच गाडी काढली आणि १९५४ला तिला नाव दिलं लँड क्रूझर. लँड रोव्हरच्या शेजारी उभं राहील असंच नाव! ऑस्ट्रेलियात स्नोई पर्वतात धरणांचं मोठं काम चाललं होतं. तिथं आधी ह्यांच्याच गाड्या होत्या, तिथंच टोयोटा शिरली. का? ह्यांच्या मागच्या एक्सलचे हाफ शाफ्ट तुटायचे. गडी रानात मध्येच बसायचा. तिकडं गंमतीनं म्हणतात ना, रानात जायचं असेल तर लँड रोव्हर घ्या, परत यायचं असेल तर लँड क्रूझर.

विश्वासला हे सगळं यूट्यूबवरून कळतं, हे इथे नोंदवून ठेवतो. पण हाफ शाफ्टची तक्रार खरी आहे. सिरीज गाड्यांचा तो जुना दुखरा भाग, आणि आफ्रिका-ऑस्ट्रेलियातला बाजार टोयोटाने खाल्ला हेही खरं.

अनघा: तुटायचे, पण कुणालाही बदलता यायचे. १९५५ला ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची सहा मुलं दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून सिंगापूरला निघाली. जवळपास सगळं अंतर जमिनीवरून. इराण, पाकिस्तान, आपला देश, मग आसामातून लेडोचा रस्ता धरून ब्रह्मदेश. तो रस्ता युद्धात बांधला आणि नंतर जंगलाने गिळला होता. १९५६च्या मार्चमध्ये पोचली सिंगापूरला. चित्रीकरणासाठी त्यांना फिल्म दिली ती तेव्हा बीबीसीत असलेल्या तरुण डेव्हिड अटेनबरोंनी. मुलांना वर्गात हे नकाशावर दाखवते तेव्हा मागच्या बाकावरचेसुद्धा मान वर करतात.

विश्वास: गाड्या कुणी दिल्या?

अनघा: …कंपनीने.

विश्वास: झालं. जाहिरात.

अनघा: असेना. त्यातली ‘ऑक्सफर्ड’ नावाची गाडी पुढे सापडली, दुरुस्त झाली आणि २०१९ला सिंगापूरहून उलट लंडनला निघाली. साठ वर्षांनी. त्यालाही जाहिरात म्हणा.

विश्वास: म्हणणार. मागं सुट्या भागांची पेटी नव्हती काय?

हे दोघं बोलत असताना मी गाडीत जाऊन बसलो. आत तीन दांडे. एक नेहमीच्या गिअरचा. दुसरा लाल मुठीचा, अवघड चढ-चिखलासाठीच्या लो रेंजचा. तिसरा पिवळ्या मुठीचा, तो दाबला की पुढची चाकंही जोर लावतात. काचेच्या खाली दोन झडपा आहेत. दांडा ढकलला की त्या उघडतात आणि वारा थेट तोंडावर येतो. एसी म्हणजे तेवढाच. पावसात त्याच जागेतून पाणी गुडघ्यावर गळतं असं मालक हसत सांगत होते. दार आणि सीट यांत इतकी कमी जागा की काच सरकवून कोपर बाहेर काढल्याशिवाय नीट बसता येत नाही. लँड रोव्हरवाला खिडकीत कोपर टेकून ऐटीत चाललेला दिसतो, त्यातली बरीच ऐट अशी सक्तीची असते.

विश्वासने तळाची फळी उचलली, सीटखालची पेटी कशी सुटते ते पाहिलं आणि गप्प झाला.

विश्वास: गिअरबॉक्स वरून काढायचा?

अनघा: हो. फळ्या आणि सीटची पेटी काढली की तो केबिनमधून उचलून दारातून बाहेर.

विश्वास: गाडीखाली न झोपता! पावसाळ्यात रस्त्यात क्लच प्लेट बदलायची तर हे बरं पडतं. आणि हा पुढचा पंखा, म्हणजे मडगार्ड, नुसता बोल्टवर. डेंटर लागतच नाही. वाकलं, काढलं, दुसरं लावलं.

अनघा: आता आलात मुद्द्यावर. म्हणून सांगते, ही गाडी माणसाला परकी वाटत नाही. काय कुठे आहे ते दिसतं. लग्नाआधी मी संदकफूच्या शिखरावर गेले होते, तिथे पायथ्याशी मानेभंजन गाव आहे, दार्जिलिंग जिल्ह्यात. त्या गावात १९५०च्या दशकातल्या लँड रोव्हर अजून टॅक्सी म्हणून चालतात. इंग्रज चहामळेवाल्यांच्या काळात आलेल्या. ३,६३६ मीटरवर चढतात, दगडांवरून, माणसं आणि भाजीची पोती घेऊन. सत्तर वर्षांची गाडी पोटापाण्याला लावून दाखवा दुसरी कुठली.

विश्वास: इंजिन कुठलं त्यात?

अनघा: बऱ्याच गाड्यांत महिंद्राचं डिझेल बसवलंय.

विश्वास: (हसून) मग लँड रोव्हर कसली ती? जीपचीच लेक माहेरी आली म्हणायची.

अनघा: इंजिन बदललं म्हणून गाडी बदलत नाही. चढ चढायची जी रीत आहे, जी बैठक आहे, ती तिचीच. त्यांना विचारा गावात, ते तिला लँड रोव्हरच म्हणतात.

विश्वासचा टोमणा अगदीच हवेतला नव्हता. आपल्याकडे खेडोपाडी ही गाडी पोचली नाही याला कारण मुंबईच आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी विलीज जीप जोडायला घेतली, आणि पुढे पुढाऱ्याची, पोलिसाची, वनखात्याची, वडाप ओढणाऱ्याची अशी सगळ्यांची गाडी ‘जीप’ झाली. ज्या जीपला कंटाळून विल्क्सनी लँड रोव्हर काढली तीच जीप आपण पिढ्यानपिढ्या वापरली, आणि आपलं काही अडलं नाही.

विश्वास: वैनी, आता जरा कडू बोलतो. तुम्ही म्हणता दुरुस्त करता येते, फार छान. ज्याला स्वतः दुरुस्त करावं लागत नाही त्यालाच दुरुस्तीचं कौतुक. माझे हात बघा. रात्री दोनला घाटात जाऊन ज्यानं पंप उघडलाय त्याला विचारा, त्याला उघडावीच लागणार नाही अशी गाडी पाहिजे असते. आणि अपघात झाला तर? शेवटपर्यंत एअरबॅग नाही हिला. अमेरिकेनं म्हणून १९९७नंतर आत घेतली नाही. माझ्या पुतणीला शाळेत सोडायला तुम्ही ही पेटी नेणार?

अनघाने याला उत्तर दिलं नाही. मी तिच्या बाजूने काहीतरी बोलायला गेलो आणि तिनेच मला गप्प केलं. एअरबॅगच्या मुद्द्यावर विश्वास बरोबर आहे, आणि माझ्या मते तो एकच मुद्दा ही गाडी बंद करायला पुरेसा होता. २९ जानेवारी २०१६ला सोलिहलच्या लाइनवरून शेवटची डिफेंडर उतरली. डिफेंडर हे नाव तिला १९९०मध्ये मिळालं, कारण कंपनीची डिस्कव्हरी ही दुसरी गाडी आल्यावर हिला नुसतं ‘लँड रोव्हर’ म्हणून चालेना. एकूण २० लाखांहून थोड्या जास्त गाड्या. प्रदूषण आणि सुरक्षिततेचे नियम तिला झेपेनासे झाले होते.

विश्वास: आणि बंद झाली तशी भाव चढला. हेच मला पटत नाही.

अनघा: २० लाखावी गाडी २०१५च्या डिसेंबरात लिलावात ४ लाख पौंडांना गेली. पैसे धर्मादाय कामाला गेले, पण गेली.

विश्वास: ४५० पौंडांची शेतकऱ्याची गाडी! आणि आता कंपनीच म्हणे जुन्या सिरीज वन शोधते, नव्यासारख्या करते आणि विकते. शेतकरी घेतो का ती?

अनघा: शेतकरी नाही घेत. पण तसा तर मूळचाही हिशेब फार साधा नव्हता. १९६०च्या दशकात लांब गाडीत दाटीवाटीने बारा सीटं बसवली, कारण बारा सीटं झाली की कायद्याने ती बस होते आणि खरेदीकर लागत नाही.

विश्वास: (मोठ्याने) टॅक्स वाचवायला सीटं वाढवली? हे तर आपलं वडापवाल्याचं डोकं! आधी सांगितलं असतंत तर मी एवढं भांडलो नसतो.

मग चहा झाला. चहाबरोबर राजघराणं निघालं, कारण अनघाने तो मुद्दा राखून ठेवला होता. राणी एलिझाबेथचे पती प्रिन्स फिलिप यांनी स्वतःच्या अंत्ययात्रेसाठी लँड रोव्हरच निवडली. २००३पासून ते तिच्यात बदल सुचवत राहिले, रंगसुद्धा लष्करी हिरवा घ्यायला लावला, आणि एप्रिल २०२१मध्ये विंडसरला त्यांची शवपेटी तिच्यावरून नेली. विश्वासला हे आवडलं. मेल्यावर कुठल्या गाडीतून जायचं हे अठरा वर्षं ठरवत बसणारा माणूस त्याला गॅरेजचा गिऱ्हाईक म्हणून शोभणारा वाटला.

विश्वास: बरं, नवीन डिफेंडर का नको म्हणता? २०१९ला आली ती. ९०० मिलिमीटर पाण्यातून जाते, जुनी ५००. सुरक्षा चाचणीत पाच तारे. चासीच नाही, त्यामुळे चासी गंजायचा प्रश्न नाही, सगळं अंग एकसंध अ‍ॅल्युमिनियमचं. ही खरी सुधारणा.

अनघा: आणि बनते स्लोव्हाकियात, नित्राला. आत शंभर कॉम्प्युटर. मॉलच्या पार्किंगमध्ये चढायला ९०० मिलिमीटर पाणी कुठून आणायचं?

विश्वास: पण मालक आपले की! २००८ला टाटांनी फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर घेतल्या, २३० कोटी डॉलरला. पुण्याला रेंज रोव्हर जोडतात आता.

अनघा: जोडतात. घेणारा कोण? डिफेंडर आपल्याकडे कोटीच्या घरात जाते, भाऊजी. मालक आपला झाला म्हणून गाडी आपली झाली नाही. जुन्या गाडीची खरी वारस आता टाटांच्या घरात नाहीच. जिम रॅटक्लिफ नावाच्या रसायन उद्योगपतीने लंडनच्या एका पबमध्ये बसून ठरवलं की जुनीसारखी सरळसोट गाडी आपणच काढायची. त्या पबचंच नाव गाडीला दिलं, ग्रेनेडियर. लँड रोव्हर कंपनीने जुन्या गाडीचा आकार ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचा प्रयत्न केला आणि २०२०ला ती हायकोर्टात हरली.

विश्वास: का हरली?

अनघा: हा आकार म्हणजे तुमची खास ओळख, असं सामान्य गिऱ्हाईकाच्या दृष्टीने म्हणता येत नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं.

विश्वास: सपाट पत्र्याची पेटी. कोर्टाला पण कळलं बघा.

विश्वास कोर्टाच्या बाजूने, अनघा कंपनीच्या बाजूने, आणि मी पहिल्यांदाच कोर्टाशी असहमत. ती पेटी दुरून ओळखू येते; रस्त्यावर चालणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारून पाहावं. पण ओळखू येणं वेगळं आणि तिच्यावर मालकी सांगणं वेगळं. पट्ट्या कापून जोडायची युक्ती कुणाचीही असू शकते.

संध्याकाळी मालक बाहेर आले. किंमत सांगितली. अनघाने माझ्याकडे पाहिलं, मी विश्वासकडे.

विश्वास: वैनी, मी घेऊ नका म्हणतो. घेणारच असाल तर ऐका. नवी गॅल्व्हनाइज्ड चासी मिळते इकडे. तिची किंमत काढा, ती यांच्या आकड्यातून वजा करा आणि मग बोला. मी आहे तोवर सगळं उतरवून देतो.

अनघा: चासी नवी, मग इंजिनही उद्या नवं. जुनं काय राहिलं मग?

विश्वास: ते मानेभंजनवाल्यांना विचारा की.